किमो संपली, आता लाइट घ्यायची का?

नमस्कार. स्तनाच्या कॅन्सरसाठी किमोचं शेवटचं सलाईन उतरलं, घरात पेढे आले आणि डॉक्टर म्हणाले, "आता रेडिएशन." मग प्रश्न पडतोच: किमोनं सगळं गेलं ना, तर ही लाइट, म्हणजे रेडिएशन, आणखी कशाला?

किमो रक्तातून अंगभर फिरते. रेडिएशन गाठ होती त्या भागात उरल्यासुरल्या पेशी मारतं. त्यामुळे किमो छान लागू पडली, एवढ्यावरच लाइट टळत नाही. बघायचं ते हे: ऑपरेशन कोणतं झालं आणि काखेतल्या किती नोड्समध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये, आजार सापडला.

फक्त गाठ काढून स्तन वाचवला असेल, तर माझ्या मते फार खल करू नये. 2011 मध्ये 10,000 हून जास्त बायकांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. 10 वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय 35 टक्के होतं, रेडिएशननं सुमारे 19.

पूर्ण स्तन काढला असेल आणि चार किंवा जास्त नोड्समध्ये आजार असेल, तर डॉक्टर रेडिएशन सांगणारच. एक ते तीन नोड्स असतील, तिथे मात्र खरी चर्चा. वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते), सगळं बघावं लागतं.

आणि किमो ऑपरेशनच्या आधी झाली, आधी आजार असलेल्या नोड्स ऑपरेशनमध्ये पूर्ण साफ निघाल्या तर? बी-51 नावाच्या अभ्यासात अशा बायकांना नोड्सवर रेडिएशन देऊन 5 वर्षांत फायदा दिसला नाही. पण त्यांचा आजार मुळात मर्यादित होता, आणि स्तन वाचवलेल्यांना स्तनावर रेडिएशन दिलंच होतं. "शेजारच्या ताईंना नको म्हणाले, मग मलाच का?" याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

डोक्याचे केस यात जात नाहीत. बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत, नातवाला खुशाल कुशीत घ्या. कातडी काळवंडते, थकवा येतो. डाव्या बाजूला आजार असेल तर हृदय वाचवायला श्वास रोखून लाइट देतात का, ते विचारा. पूर्वी पाच आठवडे लागायचे. आता बऱ्याच जणींचं तीन आठवड्यांत, काहींचं पाच दिवसांत होतं. गावाहून मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला येऊन राहणाऱ्यांसाठी हा फरक केवढा मोठा! खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करा.

मुलीचं लग्न तोंडावर आहे म्हणून लाइट पुढे ढकलायची असेल, तर तारीख डॉक्टरांना आजच सांगा. साधारण महिन्याभरात सुरू करतात. किती थांबता येईल ते रिपोर्ट बघून तेच सांगतील.