आधी वस्तू उलटी करा : जुन्या बाजारातली खरेदी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते वाड्यातून, गावाकडच्या घरांतून बाहेर पडलेल्या वस्तूंबद्दल. शिसवी पलंग, सागवानी फडताळं, पेटारे, समया, घंगाळं, पितळी कड्यांचे झोपाळे. या वस्तूंना आता फ्लॅटमध्येही मागणी आहे, आणि मागणी आली की नक्कल येतेच. जोधपूरला आंब्याच्या नि शिसमाच्या लाकडाचं नवं फर्निचर जुन्या धाटणीचं बनतं. ते नवं म्हणून विकलं तर त्यात काहीच गैर नाही. तेच सामान शंभर वर्षांचं म्हणून गळ्यात मारलं जातं, तिथे फसवणूक सुरू होते. विकणारा दर्शनी बाजू सजवतो. पाठ, तळ आणि खणाची आतली बाजू सजवायला त्याला फुरसत नसते. म्हणून वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय दर विचारू नये.

बाजारात जाण्याआधी एक दुपार पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवा. तिथले दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, पानाचे डबे बघताना नक्षीपेक्षा झीज बघा. हात कुठे लागायचा, पाय कुठे घासायचा, झाकण कुठे टेकायचं. खरी झीज नेहमी असमान असते. पेटाऱ्याचं झाकण जिथे धरून उचलतात तिथेच ते गुळगुळीत होतं, खुर्चीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर टाचांनी खळगा पडतो. चारही कडा सारख्याच घासलेल्या दिसल्या तर ते काम पॉलिश पेपरचं आहे.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावरचा बाजार असतो. बरोबर टेप, टॉर्च, भिंग, छोटं चुंबक, लटकवायचा वजनकाटा आणि लहान बाटलीत थोडं स्पिरिट ठेवा.

आता लाकूड. खण पूर्ण बाहेर काढा आणि सांधे बघा. हाताने कापलेले सांधे थोडे वाकडे, एकमेकांपासून कमीजास्त अंतरावर असतात. पण आपल्याकडे सुतार आजही हाताने सांधे कापतात, त्यामुळे तेवढ्यावरून वय ठरत नाही. स्टार स्क्रू दिसला तर तो सांधा अलीकडे उघडलेला आहे. पाठीला प्लायवूड असेल तर पाठ बदललेली आहे. दुरुस्ती हा दोष नव्हे, फक्त तिचे पैसे कमी व्हायला हवेत. लबाडी जास्त करून असते ती जोडकामात, म्हणजे एका कपाटाचं वरचं अंग आणि दुसऱ्याचं खालचं. दोन्ही अंगांच्या पाठीच्या फळ्या बघा. जाडी, रंग, रंधा मारल्याच्या खुणा जुळत नसतील तर जोडी नंतर जमवलेली आहे.

वयाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा लाकूड स्वतःच देतं. लाकूड वाळतं तेव्हा ते रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुन्या गोल टेबलाचा व्यास दोन्ही दिशांनी मोजला तर काही मिलिमीटरचा फरक निघतो. कातलेल्या पायांचंही तसंच, ते किंचित लंबगोल झालेले असतात. ही गोष्ट कारखान्यात सहजी नकलता येत नाही.

पॉलिशसाठी स्पिरिट. मागच्या कोपऱ्यात एक थेंब टाका, मिनिटभर थांबा, बोट लावा. चिकट लागलं तर चपड्याचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू, ही आजकालची कृत्रिम पॉलिशं, म्हणजे वस्तू पुन्हा पॉलिश झालेली आहे. काही ठिकाणी जुना थर काढायला लाकूड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. त्याने सागवान काळवंडतं, सरसाचे सांधे सुटतात आणि वरचे तंतू उभे राहतात. पृष्ठभाग निर्जीव आणि केसाळ लागला तर ती वस्तू सोडून द्या. ते नुकसान भरून येत नाही.

किडीबद्दल थोडं सविस्तर, कारण एक किडकी चीज घरातलं बाकीचं लाकूडही धोक्यात आणते. घुणकिड्याची भोकं १ ते २ मिलिमीटरची आणि गोल असतात, त्यातून बारीक भुकटी पडते. लाकडात राहणारी कोरडी वाळवी खसखशीसारखे टणक दाणे टाकते. सागाचा गाभा घुणकिड्याला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग त्याला आवडतो, म्हणून भोकं बहुतेक फळीच्या फिकट कडेला सापडतात. भोकं आहेत म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. वस्तू घरातल्या इतर लाकडापासून दूर ठेवा, भुकटी झटकून खाली काळा कागद अंथरा आणि निदान दोन आठवडे थांबा. नवी भुकटी पडली तर उपचार हवा. त्यातही घुणकिडा पावसाळ्याच्या सुरुवातीला जास्त बाहेर पडतो, म्हणून थंडीत कागद कोरा राहिला तरी जूनमध्ये पुन्हा एकदा बघा.

घरी करता येण्याजोगा उपाय बोरॉनचा : १ लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड. हे द्रावण पॉलिशमधून आत शिरत नाही, ते उघड्या लाकडालाच लावावं लागतं. त्यामुळे तळ, पाठ, खणाची आतली बाजू, जिथे पॉलिश नसतं तिथे ब्रशने दोन-तीन हात द्या आणि भोकांत सिरिंजने सोडा. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. अंगणात, पावसात राहणाऱ्या वस्तूला याचा उपयोग नाही, पाण्याने ते धुऊन जातं. रॉकेल ओतण्याची पद्धत मात्र सोडून द्या. त्याचा परिणाम टिकत नाही आणि लाकूड पेट घ्यायला तयार होतं. वाळवीचे दाणे सापडले किंवा लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजलं, तर वस्तू न घेणंच बरं.

खणांबद्दल एक सूचना. मे महिन्यात लोण्यासारखा सरकणारा खण जुलैत अडकतो, कारण लाकडाने ओल धरलेली असते. लगेच सुतार बोलावून रंधा मारून घेऊ नका, हिवाळ्यात तो खण खुळखुळेल. कडांना मेण घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा. कोकणातून आलेली वस्तू थेट एसीच्या खोलीत ठेवली की तक्ते फाटतात. पहिले दोन-तीन महिने तिला साध्या, हवेशीर खोलीत राहू द्या.

किंमत कशी पडताळायची? लाकडाची किंमत घनफुटात निघते. लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजून गुणा आणि १७२८ ने भागा. ७२ इंच लांब, १८ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे पाऊण घनफूट. पाच मिनिटांत कपाटातलं लाकूड मोजून होतं. वखारीत जुन्या सागवानाचा त्या दिवशीचा दर विचारून या. त्यावरचे पैसे कारागिरीचे आणि वयाचे, आणि घासाघीस करायची ती तेवढ्याच भागावर.

धातूचं गणितही असंच, फक्त इथे मोडीचा दर आणि वजन. आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. न चिकटलं म्हणून निर्धास्त होऊ नका, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. तळाला कानशीचा बारीक ओरखडा काढायची परवानगी घ्या. पिवळं निघालं तर पितळ, तांबूस निघालं तर तांबं, करडं-पांढरं निघालं तर उठा. समईचे भाग आट्यांवर उघडतात. ते सुटे करा, आतून बघा, पोकळीत लाख किंवा सिमेंट भरलेलं असेल तर ते वजनातून वजा धरा. हिरवा गंज सगळीकडे एकसारखा असेल आणि लिंबाच्या फोडीने झटकन उतरत असेल तर तो मुद्दाम चढवलेला असू शकतो. खरा गंज सांध्यांत, कोपऱ्यांत, नक्षीच्या खोबणीत धरतो.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हाताने ठोकून भांडी घडवतात. मठारकामातले, म्हणजे हातोडीने ठोकून केलेल्या कामातले, ठोके जवळून बघा. ओळी सलग असतात, पण प्रत्येक ठोका थोडा वेगळा पडलेला असतो. साच्यातून दाबून काढलेल्या नकलेत तोच ठोका ठरावीक अंतराने परत येतो. आणि एक आग्रहाची विनंती : जुनं भांडं यंत्राच्या चाकावर चकाचक करून घेऊ नका. नक्षीच्या कडा त्यात कायमच्या जातात. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी पुरे.

भांडं स्वयंपाकात वापरायचं असेल तर आत कल्हई हवीच. नाहीतर ताक, चिंचेची आमटी कळकते. कल्हईसाठी शुद्ध कथीलच वापरतोय ना, ते विचारा. शिसं मिसळलेलं कथील विषारी ठरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं पातेलं गॅसवर रिकामं ठेवायचं नाही, त्यात कोरडी फोडणीही नाही. ज्या भांड्याला आतून डाख, म्हणजे वितळलेल्या धातूचा सांधा, दिलेली आहे त्यात अन्न नको, कारण जुन्या डाखेत शिसं असण्याचा संभव मोठा. त्यात झाड लावा.

झोपाळ्याच्या कड्या निवडताना नक्षीतल्या हत्ती-मोरांवर नजर अडकते. बघायची ती जागा म्हणजे एक कडी दुसरीत अडकते तो वाक. तिथली जाडी एक तृतीयांश झिजली असेल तर त्या कड्या भिंतीवर शोभेला लावा, माणसं बसवू नका. चारपैकी दोनच साखळ्या सगळा भार उचलताहेत असं धरून हिशोब करा, आणि आकडे तुळईत आरपार बोल्टने बसवा. फॉल्स सीलिंगला टांगणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो टाळू नका. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. या कायद्याच्या व्याख्येत येणारी वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेष, हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांसाठी मर्यादा ७५ वर्षं. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी नेता येत नाहीत. परदेशात स्थायिक असलेल्यांनी जुनी दिसणारी वस्तू नेण्याआधी ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं. हस्तिदंत आणि सांबरशिंग वन्यजीव कायद्यामुळे व्यापारातून बाद आहेत, मग ते कितीही जुने असोत. देवळातल्या मूर्ती, प्रभावळी, वीरगळ यांना हात लावू नका. अशी चीज दुकानात आली आहे, याचा अर्थ एखाद्या गावाची चीज गेली आहे. कोरीव खांब आणि दारं घेताना तो वाडा आधीच पडला होता का, की गिऱ्हाईक मिळतंय म्हणून उभ्या घरातून ती उपसली, हेही विचारा.

पावतीशिवाय काही घेऊ नका. पावतीवर वस्तूचं नाव, लाकूड किंवा धातू, मापं, वजन, केलेली दुरुस्ती आणि विकणारा सांगतो ते वय, हे सगळं त्याच्याच हातचं लिहून घ्या. तोंडी शंभर सांगणारे बरेच जण कागदावर साठ लिहितात. भाव त्या साठांवर ठरवा.