भीड आणि मुदत

(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘दिवाणी दावे : सामान्य माणसाचे नेहमीचे प्रश्न’. खाली असंही छापलंय की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत. चिठ्ठ्या भरपूर आल्यात. मी आत्ता वरवर चाळल्या, तर त्यातल्या निम्म्यांची सुरुवात ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ अशी आहे. या गावात मित्रांना फार अडचणी आहेत असं दिसतं.

चिठ्ठ्या शेवटी घेते, सगळ्या घेते. त्याआधी मला जे बोलायचंय ते बोलून घेते, कारण कोर्टात ते कुणी बोलू देत नाही आणि लग्नात बोलायला गेलं तर जेवण गार होतं. लग्नाच्या पंगतीत डॉक्टर सापडला की लोक त्याला गुडघा दाखवतात, वकील सापडला की सातबारा. तोही मोबाइलवर, फोटो आडवा काढलेला, त्यातही गट नंबरवर नेमका अंगठा आलेला. आणि प्रश्न ठरलेले. केस आपल्या बाजूची आहे ना? किती दिवस लागतील? खर्च किती येईल? मी उलट विचारते, ‘हे झालं कधी?’ तर माणूस चिडतो. ‘मॅडम, काय झालं ते तर आधी ऐकून घ्या!’

तर मंडळी, काय झालं ते मी नंतरच ऐकते. कधी झालं ते आधी. कारण १९६३ चा मुदत कायदा आहे, आणि त्याचं कलम ३ असं सांगतं की मुदत संपल्यावर आलेला दावा कोर्टानं फेटाळलाच पाहिजे. समोरच्यानं हरकत घेतली नाही तरी. समोरचा हजर झाला नाही तरी. तुमचं शंभर टक्के खरं असलं तरी. अपिलाला उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते. मूळ दाव्याला ती सोय नाही. ‘साहेब, आजारी होतो’ इथे चालत नाही. करोनात अख्खा देश घरात बसला होता, तरी ते घड्याळ आपोआप थांबलं नाही. सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढून १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळावा लागला.

आता एक गोष्ट सांगते. संयोजक माझ्याकडे बघतायत, पण ही सांगणारच. नावगाव विचारू नका.

एक निवृत्त गुरुजी. निवृत्तीचे पैसे हातात आले, तसे नातेवाईकही आले. जून २०१५ मध्ये साडूनं अडीच लाख हातउसने मागितले. बोअर मारायची होती. गुरुजींनी दिले, बँकेतून दिले. हे मात्र त्यांनी फार चांगलं केलं, निदान पैसे गेल्याचा कागद राहिला. परत कधी द्यायचे हे ठरलं नाही. साडूच्या नात्यात तारीख कशी विचारायची? बोअरला पाणी लागलं, ऊस उभा राहिला, साडूच्या दारात मोटारसायकल आली. गुरुजी दर दिवाळीला फराळाला जायचे आणि चकली खाताना हळूच विषय काढायचे. साडू म्हणायचा, ‘देतो की! पळून चाललोय का मी?’ गुरुजी ओशाळून घरी यायचे. लक्षात घ्या, पैसे ज्यानं घेतले तो ओशाळला नाही.

२०१७ च्या दिवाळीत साडूला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दहा हजारांचा चेक काढून पुढे केला. आणि गुरुजींचा स्वाभिमान जागा झाला. ‘असे तुकड्यातुकड्यांनी नकोत. द्यायचे तेव्हा एकदम दे.’ चेक परत केला. घरी येऊन बायकोला अभिमानानं सांगितलंसुद्धा.

२०१९ च्या जानेवारीत गुरुजी माझ्याकडे आले. मी विचारलं, कधी दिलेत? जून २०१५. मी कागदावर लिहिलं, जून २०१८. म्हटलं, गुरुजी, मुदत जाऊन सहा महिने झाले. ते म्हणाले, ‘असं कसं? मी तर मागच्या दिवाळीतही मागितलेत. मागितल्यापासून मोजा ना.’ ही समजूत इथे बसलेल्या निम्म्या लोकांची आहे, म्हणून नीट सांगते. उसने पैसे दिले आणि परतीची तारीख ठरलेली नाही, तर तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. ‘मागशील तेव्हा देईन’ असं ठरलं असलं तरी दिल्या दिवसापासूनच. तुम्ही शंभरदा मागा, रजिस्टर पोस्टानं नोटिसा पाठवा, वकिलाच्या लेटरहेडवर पाठवा, तुमच्या मागण्यानं मुदत एक दिवसही वाढत नाही.

वाढते ती समोरच्याच्या हातानं. मुदत संपायच्या आत त्यानं ‘तुमचं देणं आहे’ असं लेखी दिलं आणि खाली सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. किंवा मुदतीच्या आत थोडी रक्कम परत केली आणि ती केल्याचा त्याच्या अक्षरातला किंवा सहीचा कागद असला, तरी नवी तीन वर्षं. चेकवर सही असते, मंडळी. दहा हजारांचा तो चेक बँकेत गेला असता, तर गुरुजींना तिथून नवी तीन वर्षं मिळाली असती. त्यांनी दहा हजार नाही परत केले, अडीच लाख परत केले. मी विचारलं, चेकची झेरॉक्स तरी काढली होती? तर मलाच म्हणाले, ‘मॅडम, साडू आहे हो तो.’

हसताय, पण हे रोजचं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी माझ्याकडे येतात. भाऊ गाडी घेऊन आला, दुय्यम निबंधकाकडे नेलं, येताना साडी घेतली. ‘वाचलं नाहीत का?’ ‘भाऊ शेजारी उभा असताना वाचायचं कसं?’ बापलेकांत जमिनीचे पैसे देताना पावती नाही, मित्रानं गाळा वापरायला घेतला तर कागद नाही. कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखं होतं म्हणे. अहो, अविश्वास असता तर पैसेच दिले नसते! कागद विश्वासाच्याच माणसाशी करायचा असतो. जुनी माणसं भीड ही भिकेची बहीण म्हणायची. मी म्हणते, ती प्रतिवादीची वकील आहे, आणि फी तुमच्याकडून घेते.

गुरुजींचं पुढे काय झालं? एक दार उघडं होतं. करार कायद्याचं कलम २५ असं म्हणतं की मुदत गेलेलं देणंसुद्धा देईन असं कुणी लेखी कबूल केलं आणि सही केली, तर तो करार चालतो. पण इथे शब्द मोजून लागतात. मुदत गेल्यावर ‘पैसे घेतले होते हे खरं’ एवढ्यावर भागत नाही, ‘देईन’ असं वचन लागतं. मी मसुदा करून दिला, शंभराच्या बाँडवर टाइप करून. (तेव्हा शंभर होता, आता पाचशे लागतात.) गुरुजी म्हणाले, ‘हे मी कुठल्या तोंडानं सही करायला सांगू?’ नाहीच गेले. त्यांच्या मंडळी गेल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं बहिणीकडे. वाण घेतलं, तिळगूळ घेतला आणि पर्समधून बाँड काढून मेहुण्यासमोर ठेवला, बारा बायकांसमोर. सही झाली. साक्षीदारही तिथलेच. दावा लावावा लागलाच नाही, पैसे चार हप्त्यांत आले.

किती वाजले? दहाच मिनिटं? बरं. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत. चिठ्ठ्या द्या इकडे.

पहिली. ‘सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणजे जमीन माझीच ना?’ सातबारा हा महसुली कागद आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण मालकी त्यातून जन्माला येत नाही. मालकी खरेदीखतातून येते, वाटपातून, वारशातून, मृत्युपत्रातून. फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, रद्द झाला म्हणून जमीन जात नाही आणि मंजूर झाला म्हणून येत नाही. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण मालकी ठरवायचा अधिकार त्यांना तेव्हाही नव्हता.

‘बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो का?’ नाही. परवानगीनं राहिलेला माणूस बारा काय, चाळीस वर्षं राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही. पण जो तुमचा हक्क नाकारून, उघडउघड, मालक म्हणून बसलाय, त्याच्याविरुद्ध बारा वर्षांत गेला नाहीत तर तुमचा हक्कच संपतो. आणि कुणी कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढलं असेल तर सहा महिन्यांत या. तेवढ्या काळात मालकी शाबीत न करता नुसता ताबा परत मागता येतो.

याच्याच जोडीची. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ना?’ महाराष्ट्रात लागतो. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

ही बाईंच्या अक्षरातली दिसते. ‘वडील २००५ च्या आधी वारले, मला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे का?’ आहे. मुलीचा हक्क जन्मानं आहे, वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदलेलं वाटप झालं असेल तर ते मोडत नाही. हक्कसोडपत्र फसवून करून घेतलं असेल, तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. कळून किती झाली ते घरी जाऊन आठवा. आणि वकिलाच्या फीसाठी थांबू नका. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

‘मृत्युपत्र नोंदवलेलं नाही, चालेल का?’ चालेल. नोंदणी सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार सक्तीचे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि जमलं तर साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या.

‘पोलिसांत तक्रार दिली तर पैसे लवकर निघतील का?’ पोलीस म्हणतील, दिवाणी मॅटर आहे. बहुतेक वेळा बरोबरच म्हणतात. पण त्या अर्जाच्या मागे दोन वर्षं फिरलात तर ती तुमच्या तीन वर्षांतून जातात. चेक परत आला असेल तर मात्र वेगळं. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद.

‘समन्स घेतलंच नाही तर?’ हा कुणाचा मित्र आहे? घ्यायला नकार दिला तर ते बजावलं असं धरतात, आणि दावा एकतर्फी चालतो. समन्स घ्या, तीस दिवसांत कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, द्या. फार तर नव्वदपर्यंत कोर्ट ओढू देतं, त्यापुढे कोर्टाची मर्जी. कोणी तुमच्यावर दावा लावून एकतर्फी मनाई आणेल अशी भीती असेल तर आधीच कॅव्हेट टाका, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज. ते नव्वद दिवस चालतं, मग पुन्हा टाकावं लागतं.

‘आमची बदनामी केली, भरपाई मिळेल का?’ एका वर्षात या. कायद्याच्या मते अब्रू वर्षभरात भरून येते.

‘लोकअदालतीत जावं का?’ भावकीचा, बांधाचा, पैशाचा वाद असेल तर जरूर जा. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते. पण सही करायच्या आधी वाचा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. तिथेही भाऊ शेजारी उभा असतो.

शेवटची. ‘पैशाच्या दाव्यात आमच्या बाजूने निकाल लागून पाच वर्षं झाली, समोरचा देत नाही.’ निकाल लागला की पैसे घरी येतात असं सगळ्यांना वाटतं. पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील कोर्टानं, १८७२ मध्येच आपल्या देशाबद्दल लिहून ठेवलंय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा. पण आधी ती दाखल तर करायला हवी, आणि तिला बारा वर्षांची मुदत आहे. पाच गेली, सात उरली. तोवर तो मालमत्ता बायकोच्या नावावर करत बसेल. मागच्या रांगेतून हात वर आलाय, तुमचीच का चिठ्ठी? मग उद्या अकराच्या आत ऑफिसला या, अकरानंतर मी कोर्टात असते. हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल आणा, आणि त्याच्या नावावर काय काय आहे त्याची यादी आणा, प्लॉट, गाळा, बँकेची खाती. बेलीफ ती शोधत फिरत नाही, तुम्हीच द्यायची असते.