अंक हातात येतो, गोष्ट येत नाही
(कोल्हापुरात कॉमिक्स वाचकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गेली काही वर्षं सुपरहिरोंचे नवे अंक वाचून संपवले की माझी चिडचिड होते. ती कशामुळं होते, हे आज नीट मांडायचंय.

आधी एक गैरसमज दूर करतो. मुखवट्यामागचे चेहरे बदलले, मुली पुढं आल्या, म्हणून माझी तक्रार आहे असं कुणी समजू नये. उलट मिस मार्व्हल, म्हणजे जर्सी सिटीतली कमला खान, ही मला गेल्या पंधरा वर्षांतली सगळ्यात जिवंत निर्मिती वाटते. पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली ही पोर. २०१४ साली तिची स्वतःची मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्याच अंकात घरचे पार्टीला जाऊ देत नाहीत म्हणून ती खिडकीतून पळते. राजारामपुरीतल्या कुठल्याही घरात शोभेल असा प्रसंग! शक्ती नंतर मिळाली, आधी आपल्याला ती मुलगी कळली.

आता त्याच कमलाचं २०२३ साली काय केलं बघा. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २६व्या अंकात तिला मारून टाकलं. तिच्या मालिकेत नाही, दुसऱ्याच्या. त्या मालिकेत ती ऑस्कॉर्प कंपनीतली इंटर्न म्हणून मागं मागं वावरत होती. शेवटी स्पायडर-मॅनची जुनी प्रेयसी मेरी जेन हिचं रूप घेते, खलनायकाचा वार स्वतःवर झेलते आणि स्पायडर-मॅनच्या हातांत प्राण सोडते. अंक बाजारात यायच्या आधीच प्रकाशकांनी तिच्या मरणाची बातमी जाहीर केली होती. पुढं जुलैत श्रद्धांजलीचा वेगळा अंक काढला आणि त्याच महिन्यात एक्स-मेन या सुपरहिरोंच्या चमूच्या अंकात तिला परत उठवलं. मे अखेर मेली, जुलैत जिवंत. जिनं तिच्यावर जीव लावला त्या वाचक मुलीला रडायलाही वेळ दिला नाही. याचा मला खरोखर राग येतो.

मरण दाखवूच नये असं मी म्हणत नाही. याच ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये १९७३ साली त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी गेली. १२१वा अंक, लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन आणि जॉन रोमिटा यांची. कथेचं शीर्षक पहिल्या पानावर दिलंच नाही, ते शेवटच्या पानावर येतं, कारण ते वाचलं की सगळं कळलं असतं. ग्वेन पुलावरून पडते, स्पायडर-मॅन जाळं फेकून तिचा पाय धरतो, आणि तिच्या मानेजवळ एक बारीक अक्षरांतला आवाज लिहिलाय: ‘स्नॅप’. घाईत पान उलटलं तर दिसणारही नाही. तिला वाचवण्याच्या धडपडीतच ती गेली का, हा प्रश्न त्या एवढ्याशा अक्षरांनी कायमचा त्याच्या मानगुटीवर बसवला.

आणि मग १२२व्या अंकाचं शेवटचं पान. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं हे सर्वोत्तम पान. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, घरी येतो. मेरी जेन तिथं थांबलेली असते. ही तोवर नाचगाण्यात रमणारी, कशातच गंभीर न होणारी पोरगी. पीटर तिला वाट्टेल ते बोलतो, तुझी आई मेली तरी तुला काही वाटणार नाही इथपर्यंत. ती रडत दाराकडं जाते, दारात थबकते, आणि बाहेर न जाता आतून दार लावून घेते. एक मारामारी नाही, एक लंबंचौडं वाक्य नाही. पण त्या छोट्या छोट्या चौकटींत ती मुलगी आपल्या डोळ्यांदेखत मोठी होते. पुढं १९८७ साली या दोघांचं लग्न लागलं, ते वाचकांनी मनापासून मानलं याचं मूळ त्या दारात आहे. आणि तेच लग्न पुढं एका राक्षसाशी सौदा करून पुसून टाकलं, तेव्हा जगभरचे वाचक का खवळले, तेही इथंच समजतं.

आपण खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावातली माणसं. निकाली कुस्तीला तासभर उन्हात बसू, पण नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती दिसली की मैदान उठतं. आजच्या अंकांत मरण, लग्न, विश्वाचा अंत, सगळं नुरा झालंय. कुणी पडला तरी तो खरोखर पडलेला नाही, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं.

यात धंद्याचा हिशेब आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. एक नंबरचा अंक जास्त खपतो, म्हणून मालिका पुन्हा पुन्हा एकपासून सुरू करतात. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ साली नव्यानं एक झाला. शिवाय एकाच अंकाची वेगवेगळी कव्हरं. १९९१ साली ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच कव्हरांत निघाला, ऐंशी लाखांच्या आसपास प्रती उचलल्या गेल्या. पण संग्रह म्हणून घेतलेल्या प्रतींचा हा फुगा लवकरच फुटला आणि १९९६च्या डिसेंबरात हे सगळे अंक काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. इतर कारणंही होती, पण हे एक मोठं होतं. एवढं भोगूनही तीच वाट का धरतात, हे मला पटत नाही.

आणि किंमत. आज साधा अंक चार-पाच डॉलरला, गोष्टीची पानं वीस-बावीस. आपल्याला तो साडेतीनशे-चारशेच्या घरात पडतो, वर टपालखर्च. एवढे पैसे मोजल्यावर हातात काय येतं? सहा अंकांच्या कथेचा सहावा हिस्सा. अर्धी पानं मोठमोठ्या पोझची, मागं रंगाचा नुसता फराटा, ना रस्ता, ना खोली. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या या गावात मागच्या पडद्याला किती किंमत असते, ते मी सांगायला नको. माझ्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे फँटम, मराठीत वाचला. छपाई साधी होती, पण बहुतेक वेळा गोष्ट त्याच अंकात पुरी व्हायची.

संथपणा हा दोष नाही, हेही सांगतो. १९६२ साली स्पायडर-मॅनच्या जन्माची गोष्ट स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोनं अकरा पानांत सांगितली. कोळी चावणं, गर्व, चोराला सोडणं, काकांचं मरण, सगळं त्यात. २००० साली ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’नं तीच गोष्ट सात अंकांत सांगितली आणि तीही उत्तम जमली, कारण वाढलेल्या पानांत माणसं भरली होती: काका-काकू, शाळा, त्यांची बोलणी. पानं वाढवा, पण त्यात काहीतरी घाला.

२०२४ साली सुरू झालेल्या नव्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’नं हेच दाखवलं. जोनाथन हिकमनचा पीटर पस्तिशीतला, बायको-मुलं असलेला, बेन काका हयात. त्याचा चौथा अंक जवळजवळ सगळा दोन जोडप्यांच्या जेवणाचा. हॉटेलात बसून चौघं बोलतात, बस्स. तरी अंक संपतो तेव्हा त्यांची एकमेकांशी असलेली नाती सुरुवातीला होती तशी उरत नाहीत. मी तो दोनदा सलग वाचला.

म्हणून तरुण मित्रांना माझी विनंती आहे. कव्हरावर एक नंबर आहे एवढंच बघून अंक घेऊ नका. जमल्यास आधी उसना मागा, वाचून संपवा, आणि या वीस पानांत कुणाचं काय बदललं ते स्वतःला विचारा. बदललं असेल तर पैसे द्या, लेखकाचं नाव लक्षात ठेवा, तो दुसऱ्या मालिकेत गेला तर तिकडं जा. ग्वेनचे दोन्ही अंक मी पुनर्मुद्रणात आणलेत, पुढच्या टेबलावर ठेवतो. १२२च्या शेवटच्या पानावर खूण घातलीय. ते बघून घ्या, मग प्रश्नांना सुरुवात करू.