इंटरफेस घ्यायचा तो कानासाठी

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरच्या रेकॉर्डिंगसाठी इंटरफेस आणि सॉफ्टवेअर कसं निवडावं'. इंटरफेस म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारा डबा. ते सांगणारच आहे. पण आधी माझं तुणतुणं वाजवून घेतो, कारण पुण्यातले श्रोते एकदा चहाला उठले की परत बसत नाहीत.

माझं म्हणणं असं, की लोक इंटरफेस घेतात तो आत जाणाऱ्या आवाजासाठी. माइक कुठला चालेल, माइकचा बारीक आवाज वाढवणारा प्रीॲम्प कसा आहे, आवाज किती बारकाईनं मोजतो, म्हणजे बिट किती. बाहेर येणाऱ्या आवाजाची, म्हणजे गाणाऱ्याच्या कानात काय पडणार याची, कुणी चौकशी करत नाही. आणि माणूस गातो ते कानात पडेल त्याच्याशी जुळवून.

माझ्या भाच्याचं सांगतो. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या अलीकडे-पलीकडे, एका दुकानातून त्यानं आठ इनपुटचा इंटरफेस आणला. दुकानाचं नाव घेत नाही, मालक गाण्याचे शौकीन आहेत, इथे बसलेले असायचे. आठ इनपुट! घरात माणसं चार, त्यातली दोन हा गायला बसला की दार लावून घेणारी. पण दुकानदार म्हणाला, "पुढेमागे लागतील." या दोन शब्दांवर आपल्याकडे किती माळे भरलेत, बघा. वर ब्लूटूथ हेडफोनही गळ्यात मारले. "वायर कोण वापरतं हो आता?"

पोरानं लॅपटॉपवर तबल्याचा ट्रॅक लावला, द्रुत तीनताल, आणि बंदिश गायला. गाताना अगदी समेवर. लावून ऐकलं तर प्रत्येक सम हुकलेली. पुन्हा गायला, पुन्हा तेच. मग रेकॉर्डिंग गुरुजींना पाठवलं. गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांनी बंदिश बंद केली आणि हातावर टाळी धरून ठेका म्हणायला बसवलं. ताईचा मला फोन, "अरे, याची लय गेली रे. त्या कॉलेजच्या बँडमुळे असेल का?" भाऊजींनी तर बँडवर खटलाच भरला. गिटारवाल्या मित्राचं घरी येणं बंद. बिचारा मित्र फार सभ्य, यायचा तेव्हा चपला बाहेर नीट जोडून ठेवायचा. हेडफोनवर मात्र कुणाचा संशय नाही!

आता हिशेब करा. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. द्रुत लय मिनिटाला 300 मात्रांची धरली, तर एक मात्रा 200 मिलिसेकंदांची. म्हणजे पोरगं जवळजवळ अख्खी मात्रा उशिरा आलेल्या तबल्याशी इमानदारीनं जुळवून गात होतं. कच्च्या लयीचा माणूस कधी पुढे जातो, कधी मागे. हा दरवेळी सारखाच मागे. लय पक्की होती म्हणून! सॉफ्टवेअर इंटरफेसचा उशीर मोजून ट्रॅक जागेवर सरकवतं, पण ब्लूटूथच्या या उशिराचा त्याला सहसा पत्ता नसतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मैफलीत तबलजी दीड मीटरवर बसला, तर त्याची थाप चारेक मिलिसेकंदांनी पोचते. ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पचवलंय. 200 मिलिसेकंद म्हणजे तबलजी 68 मीटर लांब. मी इथे गातोय आणि साथ चौकातून येतेय.

वायरचे हेडफोन लावले, लय त्याच संध्याकाळी परत आली. गुरुजी म्हणतात, ठेका म्हटल्यामुळे. म्हणू देत.

गायिका गौहरजान 1902 मध्ये कलकत्त्यात पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या तेव्हा हेडफोन वगैरे नव्हतेच. भोंग्यासमोर तोंड, साथीदार शेजारी. तबकडीवर तीनेक मिनिटं मिळायची, त्यातच शेवटी 'माय नेम इज गौहरजान' एवढंही म्हणून घ्यायचं. मलाही आत्ता चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं.' अधोरेखित.

तर इंटरफेस. दोन इनपुट पुरेत, एक गळ्याला, एक पेटीला किंवा तबल्याला. डग्गा, तबला आणि गळा एकाच वेळी वेगवेगळे घ्यायचे असतील, तरच चार. कंडेन्सर जातीच्या माइकला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच वायरीतून जाणारी वीज, लागते, त्याचं बटण आहे ना बघा. हेडफोनचा आवाज कमी-जास्त करायची स्वतंत्र चकती हवी आणि डायरेक्ट मॉनिटरिंग हवं, म्हणजे गळा संगणकात न शिरता थेट कानात येतो. ही दोन नसतील तर डब्यावरचं बाकी काही वाचू नका. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारा जोडप्रोग्राम, आहे का विचारा; मॅकवर ती चिंता नाही. यूएसबी 3 साठी जादा पैसे देऊ नका. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेणारे, दोन चॅनेल सेकंदाला अडीच मेगाबिटही खात नाहीत, यूएसबी 2.0 ची क्षमता 480 आहे. 192 किलोहर्ट्झ तर विसराच, डिस्क भरण्यापलीकडे घरी उपयोग नाही. बफर, म्हणजे संगणक एका घासाला किती नमुने घेतो तो आकडा, गाताना 128 किंवा 256 ठेवा. 48 किलोहर्ट्झवर 256 म्हणजे एका बाजूनं सव्वापाच मिलिसेकंद. मिक्स करताना 1024 करा.

सॉफ्टवेअर. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट आहे. विंडोजवाल्यांनी रीपर बघा, 60 दिवस वापरून मग घरगुती परवाना 60 डॉलरचा. नुसतं रियाजाचं रेकॉर्डिंग कापायचं असेल तर ऑडॅसिटी, तेही फुकट. महाग सॉफ्टवेअरनं गळा सुधारत नाही, त्यामुळे यावर भांडू नका. विलंबित ख्याल घेताना मेट्रोनोमची टिकटिक आणि तुकडे ठोक्याला चिकटवणारा स्नॅप, दोन्ही बंद करा, नाहीतर आलाप कापताना सॉफ्टवेअर त्याच्या चौकटीत ओढतं. आणि सगळीकडे सॅम्पल रेट, म्हणजे तो किलोहर्ट्झचा आकडा, एकच ठेवा. 44.1 ची फाइल 48 नं वाजली, तर काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं, जिथे पेटीला पट्टीच नाही.

खोलीचं राहिलं. कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी घेऊन गा, समोर नको; माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणून तुमच्या मागची भिंतही त्याला ऐकू जाते.

हं, मागचे काका? मोबाइलवर होईल का? यूएसबी-सीवाल्या बऱ्याच फोनवर होतं. फोनची वीज इंटरफेसला पुरत नसेल, तर वेगळा अडॅप्टर असलेला हब मधे जोडा.