मुरगावची गाडी, बेळगावचा चित्ररथ

(दृश्य: टिळकवाडी. रेल्वेचं गेट पडलेलं. दुचाक्यांची गर्दी, मागे हॉर्न.)

बेळगावात पत्ता सांगताना रेल्वे मध्ये येतेच. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. शहरात उड्डाणपूल झाले, तरी ही नावं हलली नाहीत. "गेट पडलंय" एवढं फोनवर सांगितलं की उशिराचं दुसरं कारण कुणी विचारत नाही.

ही लाईन मुळात टाकली कशासाठी? त्याचं उत्तर घाटाखाली, समुद्रकाठी आहे. गोव्यातल्या मुरगावला. पोर्तुगिजांकडे चांगलं बंदर होतं, पण मागे सह्याद्री आडवा. इंग्रजांना धारवाड-गदगकडचा कापूस जवळच्या बंदरावर उतरवायचा होता. 1878 साली दोघांत करार झाला आणि 1888 पर्यंत मुरगावहून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रूळ चढले. घाटावरचं काम सदर्न मराठा रेल्वेचं. लोंढ्याला फाटा फुटला. एक वाट अळणावरवरून धारवाड-हुबळीला, दुसरी गुंजी, खानापूर, देसूर, बेळगाव करत मिरजेला आणि पुढे पुण्याला.

(दृश्य: पावसातला घाट. मालगाडी, मागे जोडलेली इंजिनं.)

गोव्यातलं कुळे ते कॅसलरॉक, 26 किलोमीटर. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. रेल्वेसाठी हा चढ भयंकरच. म्हणून मागून रेटायला बँकर इंजिनं लावतात, आजही. पूर्वी बंदराकडे कापूस उतरायचा, आता बंदरावरचा कोळसा बळ्ळारीकडे चढतो. दूधसागरचा पूल प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, तेव्हा तिथे आपण कॅमेरा थांबवणार नाही.

कॅसलरॉकला थांबू.

गोव्यात पोर्तुगीज होते तोवर या स्टेशनावर एक राज्य संपायचं. इकडे कॅसलरॉकला जकातीची तपासणी, तिकडे कुळ्याला पुन्हा. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेला गोंयकार गावी परतायचा तो बोटीने, नाहीतर याच गाडीने. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, आणि मग इथे सामान उघडून दाखवायचं. कोंकणी तियात्र, म्हणजे गोंयकारांचं नाटक, 1892 साली उभं राहिलं तेही मुंबईत, असल्याच पोटार्थी मंडळींमध्ये. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचं बिऱ्हाडही रेल्वेनेच हलायचं. पडदे, पेट्या, आचारी, सगळं डब्यात. समुद्रकाठचं नाटक आणि घाटावरचं नाटक एकाच रुळांवरून फिरलं, हे आपण फारसं कधी बोलत नाही.

1955 साली गोव्याचा सत्याग्रह पेटला आणि सरहद्दीपलीकडे जाणारी गाडी बंद झाली. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं. आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर याच कॅसलरॉकच्या रानातून. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ते बोलत राहिलं. स्टेशनात गाडी नाही, पण रानातून आवाज गोव्यात पोचतोय! नाटकाला याहून चांगला प्रवेश कुठे मिळणार?

(दृश्य: बेळगाव. गल्लीतला मांडव. बांबू, गोणपाट, रंगाचे डबे, ट्रॅक्टरची ट्रॉली.)

आणि नाटक करणारी माणसं बेळगावात गल्लोगल्ली आहेत. इथली शिवजयंती वैशाखातली, तिथीची. तिच्या मिरवणुकीत चित्ररथ निघतात, नरगुंदकर भावे चौकापासून पहाटेपर्यंत. त्यावर सजीव देखावे. सुतार, गवंडी, कॉलेजातली पोरं, दुकानात कामाला असलेली पोरं महिनाभर रात्री तालीम करतात. संवाद आधी रेकॉर्ड केलेले, त्यावर अभिनय. लाईट गल्लीतलाच कुणीतरी बघतो. याला लोककला म्हणायचं की नाही यावर जाणकारांनी वाद घालावा. एवढ्या माणसांचा हात लागणारी दुसरी कला या शहरात मला तरी दिसत नाही.

दिवाळीत मुलं मातीचे किल्ले करतात. तटबंदी, बुरूज, बोगदासुद्धा जमतो त्यांना. मग शिवजयंतीच्या चित्ररथावर कॅसलरॉकचा घाट, ही रेल्वे का जमू नये? खानापूरची माती तर मडकी आणि कौलांसाठी नावाजलेली. मागाल तेवढे डबे, मागाल तेवढी इंजिनं तिच्यातून होतील. हुबळीला 2020 साली रेल्वे म्युझियम झालं. चांगलंच आहे, पोरांना जरूर न्यावं. पण तिथलं इंजिन जागेवर उभं असतं. घाट चढताना काय लागतं, ते ट्रॉली ढकलणाऱ्या पोराला जास्त कळेल.

एक धोका मात्र दिसतो. रेल्वे म्हटलं की थर्माकोलचं इंजिन, धुराचं मशीन आणि शिटी, एवढ्यावर देखावा उरकायचा. तसं करू नये. गँगमनचा हातोडा, हमालाची चुंबळ, जकातीच्या टेबलावर उघडी पडलेली ट्रंक, त्यात पोराबाळांसाठी मुंबईहून घेतलेला खाऊ: देखावा इथे आहे.

(दृश्य: तालीम. हातात कागद, कुणीतरी संवाद वाचतंय.)

मग संवाद लिहायला बसलं की खरी गाठ पडते. या लाईनवर एकच भाषा कधी नव्हती. स्टेशनमास्तर कानडी बोलणार, ट्रंक उघडणारी बाई कोंकणी, हमाल बेळगावी मराठी: "गाडी आली खरं, डबा कुठला ते सांगा की!" जकातदाराच्या तोंडी इंग्रजी. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात, पाट्यांवरून तर विचारूच नका. तरीही हा देखावा नुसत्या मराठीत केला तर खोटा वाटेल. चारही भाषा लागतील, आणि कानडी संवाद नीट म्हणणारा पोरगा गल्लीत सापडणं अवघड नाही. शेजारच्या घरात असेल.