ट्रस किती किलो पेलतो?

(सोलापुरातल्या मंडप, साउंड आणि लाइटच्या व्यावसायिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ट्रस म्हणजे दिवे-स्पीकर टांगायला नळ्या आणि तिरक्या दांड्या जोडून केलेली लांब तुळई. तो भाड्यानं नेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हा किती किलो घेतो?" याला एका आकड्यात उत्तर नाही. दोन आधारांमधला गाळा किती, वजन कुठे आणि कसं टांगलंय, खाली जमीन कशी आहे आणि वारा किती, हे कळल्याशिवाय त्या किलोला अर्थ नाही.

आधी गाळा घेऊ. ट्रस पेलणाऱ्या दोन उभ्या टॉवरमध्ये ६ मीटर अंतर आहे आणि दर मीटरला ५० किलोचे दिवे लागलेत. टॉवर १२ मीटरवर नेले, दर मीटरला दिवे तेवढेच ठेवले. वजन दुप्पट झालं, पण ट्रसला वाकवणारा जोर चौपट होतो आणि मधला झोळ सोळापट. वजन मधोमध एकाच जागी आलं तर आणखी वाईट. तिथे टांगलेले ५०० किलो ट्रसला सारख्या पसरलेल्या १००० किलोंइतके वाकवतात. म्हणून कंपनीच्या लोड चार्टमध्ये प्रत्येक गाळ्याला पसरलेल्या आणि एकवटलेल्या वजनाचे वेगवेगळे रकाने असतात. गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या लोखंडी ट्रसला असा चार्ट नसतो. त्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा करून घ्या आणि आकडे त्याच ट्रसवर रंगवून ठेवा.

वजन टांगायचा पट्टा कुठे बांधायचा? तिरक्या दांड्या मुख्य नळीला जिथे मिळतात, त्या सांध्याजवळ. अ‍ॅल्युमिनियम ट्रसची मुख्य नळी बहुधा ५० मिलिमीटर व्यासाची आणि अवघी २-३ मिलिमीटर जाडीची असते. दोन सांध्यांच्या मधे वजन टांगलं की ट्रस शाबूत राहतो, पण ती एक नळी वाकते. वाकलेली किंवा चेपलेली मुख्य नळी दिसली की तो तुकडा बाजूला काढा. बाजारात नेऊन वेल्डिंग मारू नका. अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागते, तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते.

आता जो हिशेब सगळ्यात जास्त चुकतो, तो. १२ मीटरचा ट्रस, त्यावर सारखं पसरलेलं ९६० किलो वजन, वर तो उचलून धरणाऱ्या एक-एक टन क्षमतेच्या तीन चेन पुल्या. आपण म्हणतो, तीन टनांची सोय आहे आणि प्रत्येकीवर ३२० किलो येतील. तसं होत नाही. तिन्ही अगदी एका पातळीत असतील तरी मधली पुली ६०० किलो उचलते आणि टोकाच्या दोन्ही १८०-१८०. टोकाच्या साखळ्या थोड्या सैल राहिल्या की मधलीवर ९६०, म्हणजे ती जवळजवळ मर्यादेवर. उलट मधली सैल राहिली तर सगळा भार टोकांवर जातो आणि गाळा एकदम १२ मीटरचा होतो. डोळ्यांना ट्रस सरळच दिसतो. दोनापेक्षा जास्त पुल्या असतील तर प्रत्येकीखाली लोड सेल, म्हणजे आलेला भार मोजणारं उपकरण, लावा. ते नसतील तर मधली पुली पूर्ण वजन एकटीनं घेईल असं धरूनच ती निवडा.

कोन हा दुसरा फसवा प्रकार. एकाच हुकापासून दोन वायर रोप तिरके खाली आणून ५०० किलो उचलायचे आहेत. रोप आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर साधारण २९० किलो ताण येतो. ४५ अंशांत ३५५. ३० अंशांत पूर्ण ५००. १५ अंशांत ९६५! छत बुटकं आहे म्हणून रोप पसरवणारा माणूस वजन न वाढवता ताण तिप्पट करतो. ४५ अंशांच्या खाली जाऊ नका.

वायर रोपचं टोक दुमडून आवळायचा हा बुलडॉग क्लिप हातात घेऊन पाहा. एक बाजू यू आकाराची, दुसरी खाचेची बैठक. बैठक नेहमी ओढ घेणाऱ्या दोरावर, यू मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू बोल्ट ओढ घेणाऱ्या दोराच्याच तारा चेपतो. १० मिलिमीटर रोपाला कमीत कमी तीन क्लिप, दोन क्लिपांत ६० मिलिमीटरच्या आसपास अंतर, आणि पहिल्यांदा भार आला की नट पुन्हा आवळायचे. शॅकलवर, म्हणजे जोडणीच्या यू आकाराच्या कडीवर, कोरलेली क्षमता सरळ ओढीची असते. काटकोनात ओढ बसली की ती निम्मी धरा. पॉलिएस्टरचा पट्टा गरम दिव्याजवळ असेल तर सोबत स्टीलचा बॅकअप रोप हवाच, कारण पट्टा वितळतो.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात इथवरचं पुष्कळ झालं. मैदानात मात्र एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो. आधी धुळीचा लोट, मग पाऊस, आणि हाताशी वेळ फार थोडा. वाऱ्याचा दाब काढायला आपल्या भारतीय मानकातलं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे २४० न्यूटन, साधारण २४ किलो. ६ बाय ३ मीटरच्या फ्लेक्सवर ४४० किलोंचा आडवा रेटा! आकाराचा गुणक धरला की तो वाढतोच. फ्लेक्सला चंद्रकोरीचे चार काप मारल्यानं फारसा फरक पडत नाही.

फ्लेक्सचा मध्य ४.५ मीटर उंचीवर आणि पुढच्या आणि मागच्या पायांमधलं अंतर ३ मीटर असेल, तर वाऱ्याच्या बाजूच्या पायांवर किमान ६६० किलो हवेत. दीडपट सुरक्षितता धरून टनभर, म्हणजे २०० लिटरचे पाण्यानं भरलेले पाच ड्रम. एवढ्यानं सांगाडा उलटणार नाही, पण सरकेल, कारण घर्षण वजनाच्या ०.४ पट धरलं तर ते ४०० किलोच भरतं आणि रेटा ४४० चा आहे. वारा समोरून येईल तसा मागूनही येईल, म्हणून पुढे-मागे मिळून दहा ड्रम ठेवा, मग दोन्ही प्रश्न सुटतात. ड्रम पायाच्या चौकटीला जखडलेले हवेत. शेजारी नुसता ठेवलेला ड्रम काही धरून ठेवत नाही. २०११ साली अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये स्टेजचं छप्पर कोसळून ७ जण गेले. तिथे ताणदोर काँक्रीटच्या जड अडथळ्यांना बांधले होते आणि ते अडथळेच जमिनीवरून सरकले.

जमिनीकडेही पाहा. १५ बाय १५ सेंटिमीटरच्या बेस प्लेटवर एक टन आला की दर चौरस सेंटिमीटरला ४.४ किलो दाब पडतो. आपली काळी माती एका सरीनं ओली झाली की प्लेट रुतते. एक टॉवर खचला की मघाचा तीन पुल्यांचा हिशेबही बिघडतो. खाली ६० बाय ६० सेंटिमीटरची, न वाकणारी, आडव्या-उभ्या जाड फळ्यांची बैठक दिली तर तोच दाब ०.२८ वर येतो. पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक टॉवर ओळंब्यानं पुन्हा तपासा.

सगळ्यात उंच टोकाला वेगमापक लावा आणि आकडे कार्यक्रमाआधी कागदावर ठरवा. उदाहरणार्थ, ताशी ३० किलोमीटरला कामाची माणसं आपापल्या जागी तयार, ४० ला फ्लेक्स आणि बाजूचे पडदे खाली, ५० ला स्टेज आणि समोरची जागा रिकामी. पक्के आकडे सांगाड्याचं गणित करणाऱ्या इंजिनिअरनं द्यायचे. पडदे गाठींनी बांधू नका, एका ओढीत सुटतील असे हुक लावा. आणि थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. पाहुण्यांचं भाषण चालू असलं तरी त्यानं हात वर केला की माइक बंद, हे मंडळाच्या अध्यक्षांकडून आदल्या दिवशीच कबूल करून घ्या.