पालेंके : दगडावर लिहिलेली वंशावळ

माया संस्कृती म्हटलं की ‘गूढ’ हे विशेषण आपोआप चिकटतं. २०१२ साली जगबुडी होणार म्हणून या लोकांच्या नावावर केवढी हूल उठली होती, तुम्हाला आठवत असेल. मेक्सिकोच्या चियापास राज्यातलं पालेंके दिवसभर पायाखाली घातल्यावर मला वाटतं, इतकं कमी गूढ ठिकाण शोधून सापडायचं नाही. तिथल्या राजांनी आपला जन्म कधी, राज्याभिषेक कधी, हे तारखांसकट दगडात कोरून ठेवलंय.

गावातून अवशेषांपर्यंत ‘कोलेक्तिवो’ जाते, म्हणजे आपली वडापच. उतरलो की घामाच्या धारा, आणि झाडीतून अशा डरकाळ्या की पोटात गोळाच यावा. ती माकडं असतात! राजवाडा, त्याचा मनोरा, देवळं यांबद्दल पुष्कळ सांगता येईल, पण मला शिलालेखांच्या मंदिराजवळ थांबायचंय.

हे मंदिर पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडच्या माथ्यावर आहे. १९४९ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस लुइयेर यांना त्याच्या जमिनीतल्या एका लादीला भोकं दिसली, आणि भोकांत दगडी बुचं बसवलेली. लादी उचलली, तर खाली जिना. पण दगडमातीनं ठासून भरलेला! तो उपसण्यात चार हंगाम गेले. १९५२ मध्ये तळाशी पोचले, तेव्हा पाकाल राजाची दफनखोली समोर आली. हा ६१५ मध्ये, बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला.

शवपेटीवर कित्येक टनांचं झाकण आहे. त्यावर पाकाल मागे रेललेला दिसतो. खाली पाताळाचा जबडा, वर विश्ववृक्ष, शेंड्यावर पक्षी. हा यान चालवणारा परग्रहवासी आहे, असं सांगणारे अजून भेटतात. त्यांनी झाकणाच्या कडा पाहिल्याच नसाव्यात. तिथे पूर्वजांच्या मृत्यूच्या तारखा आहेत. पेटीच्या बाजूंवर तेच पूर्वज एकेका फळझाडासह जमिनीतून उगवताना दाखवलेत. पाकालची आई साक कुक कोकोच्या झाडासह येते. इतरांच्या वाट्याला पेरू आणि चिकूही आलेत. आपल्या परसातली ही दोन्ही झाडं मुळात तिकडचीच, बरं का.

हे वाचता कसं आलं? रुस दफनखोलीत शिरले त्याच १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव यांनी मांडलं, की या लिपीतल्या चिन्हांना उच्चार आहेत, ती नुसती चित्रं नव्हेत. त्यांचं म्हणणं पटायला बरीच वर्षं गेली. मग डिसेंबर १९७३ मध्ये पालेंकेतच भरलेल्या परिषदेत लिंडा शेली, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी या तिघांनी एका दुपारी बसून इथल्या राजांची क्रमवार यादी लावली. भाषेचा धागाही तुटलेला नव्हता. या भागात आजही चोल बोलली जाते, आणि ती शिलालेखांच्या भाषेची जवळची नातलग.

गंमत म्हणजे हे वाचन खुद्द रुसना मान्य नव्हतं. हाडांवरून राजा चाळिशी-पन्नाशीतला ठरत होता. लेख मात्र त्याला ऐंशीचा म्हणत होता. नंतर हाडं पुन्हा तपासली, तेव्हा पारडं लेखाच्या बाजूनं झुकलं. मला रुसचा हट्टही आवडतो. चार हंगाम राडारोडा उपसून हाती लागलेला माणूस कागदावरच्या आकडेमोडीनं तीस-चाळीस वर्षांनी म्हातारा केला, तर कोण मुकाट्यानं ऐकून घेईल!

आता त्या जिन्यावरून पर्यटकांना उतरू देत नाहीत. झाकणाची प्रतिकृती खालच्या संग्रहालयात आहे. लोक तिथे शेवटी, दमून जातात. तुम्ही आधी जा. आणि एवढं पाठ करून जा : टिंब म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच. दोन रेघा, तीन टिंबं दिसली की तेरा. मग वाटाड्या काहीही सांगो, राजवाड्यातले निदान आकडे तरी तुमचे तुम्हाला लागतील.